सोयाच्या कॅप्सूल, मशीनचा रिपोर्ट आणि लांबलेली तपासणी

अमळनेर तालुक्यातील आमच्या गावात एका मे महिन्यात 'मोफत हार्मोन तपासणी' या नावाने चाळिशी-पन्नाशीच्या बायकांसाठी शिबिर झाले आणि त्यातून आमच्या बचत गटातील बऱ्याच जणींनी सोया आयसोफ्लेव्होनच्या कॅप्सूल विकत घेतल्या. माझी मोठी नणंद आणि मी, दोघीही त्यांत होतो. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण डब्यावरचे नाव बदलून तोच माल पुन्हा येतो. पद्धत मात्र बदलत नाही आणि ओळखून ठेवायची आहे ती पद्धतच.

शिबिर घेणाऱ्या मॅडमनी सुरुवातीला जे सांगितले, त्यातील बहुतेक खरे होते. पाळी जाण्याच्या काळात इस्ट्रोजेन हे बायकांच्या शरीरातील हार्मोन कमी होते, त्यामुळे अंगातून वाफा निघतात, रात्री घाम फुटून झोप मोडते, हाडांची झीज वाढते. सोयाबीनमध्ये जेनिस्टीन आणि डेडझीन ही आयसोफ्लेव्होन असतात, त्यांची रचना इस्ट्रोजेनशी मिळतीजुळती असते आणि शरीरात ती त्याच्यासारखे, पण फार क्षीण काम करतात. हे सगळे कोणत्याही डॉक्टरने मान्य करावे असेच आहे. खोटे होते ते या खऱ्याला बेमालूम जोडून दिलेले होते. शिवाय आमच्याकडे या विषयावर चारचौघींत कोणी बोलतच नाही. सासवा 'आंगनी आग आग व्हस' म्हणत ओट्यावर येऊन बसायच्या, यापलीकडे चर्चा नाही. तुम्हाला नेमका काय त्रास होतो हे विचारणारी पहिली व्यक्तीच विक्रेती निघाली, यात तिच्या हुशारीइतकाच आपल्या मौनाचाही वाटा आहे असे मला वाटते.

तपासणी म्हणजे लॅपटॉपला जोडलेली पितळी दांडी मुठीत धरायची. मिनिटभरात रिपोर्ट छापून येई: इस्ट्रोजेन इतके टक्के, हाडांतील कॅल्शियम इतके टक्के, आणि प्रत्येक ओळीपुढे लाल बाण. माझ्या नणंदेचे वय त्रेपन्न. टायपिंग करणाऱ्या मुलीने घाईत 53 ऐवजी 35 टाकले आणि इस्ट्रोजेन 'उत्तम' आले. चूक लक्षात येताच वय सुधारून पुन्हा छापले, तेव्हा तेच इस्ट्रोजेन 'अतिशय कमी' झाले. दांडी दुसऱ्यांदा हातात दिलीच नव्हती. ते दोन्ही कागद आजही माझ्याकडे आहेत. इस्ट्रोजेन मोजायचे तर रक्त घ्यावे लागते, हाडांची घनता पाहायची तर डेक्सा नावाची क्ष-किरण तपासणी असते, आणि पंचेचाळिशी उलटलेल्या बाईची पाळी जात आली आहे हे ठरवायला बहुतेक वेळा यांपैकी कशाचीच गरज नसते. पाळीचा हिशेब आणि होणारा त्रास डॉक्टरांना पुरेसा असतो.

साठ कॅप्सूलच्या एका डब्याची किंमत 2,400 रुपये होती आणि 'कोर्स' तीन डब्यांचा. डब्याच्या मागे बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिले होते की एका कॅप्सूलमध्ये सोयाचा अर्क 50 मिलिग्रॅम असून त्यात 40 टक्के आयसोफ्लेव्होन आहेत. म्हणजे कॅप्सूलमागे 20 मिलिग्रॅम आणि अख्ख्या डब्यात 1,200 मिलिग्रॅम. साधारण किलोभर कोरड्या सोयाबीनमध्ये तेवढी आयसोफ्लेव्होन असतात. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता, म्हणजे किलोला पन्नास रुपयेसुद्धा नाही. ज्यांच्या घरात सोयाबीनची पोती पडून होती, अशा बायकांनीही ते डबे घेतले. त्याच मजकुराखाली 'औषधी वापरासाठी नाही' असेही छापलेले होते. अन्नपूरक उत्पादनांवर तसे छापणे बंधनकारकच आहे, आणि तोंडी मात्र तेच औषध म्हणून विकले जात होते.

कॅप्सूलने गुण आला, असे पहिल्या काही आठवड्यांत अनेकींनी सांगितले, आणि त्या खोटे बोलत नव्हत्या. मे महिन्यात खान्देशात पारा 43-44 अंशांवर असतो. त्या दिवसांत अंगातून निघणारी वाफ कोणती आणि उन्हाची झळ कोणती हे सांगणे अवघड. जूनमध्ये पाऊस पडला, रात्री गार झाल्या, झोप लागू लागली आणि श्रेय कॅप्सूलला मिळाले. ऋतूची गोष्ट बाजूला ठेवली तरी, या त्रासावरच्या संशोधनात ज्या बायकांना औषध नसलेली नुसती दिसायला सारखी गोळी दिली जाते, त्यांतही पुष्कळ जणींचा त्रास कमी होतो. म्हणूनच दोन गट करून तुलना करावी लागते, आणि अशा तुलनेत आयसोफ्लेव्होनची कामगिरी डळमळीत आहे: काही अभ्यासांत गरम वाफा थोड्या कमी झाल्या, काहींत मुळीच नाही. डेडझीनपासून इक्वॉल हा जास्त प्रभावी पदार्थ तयार करणारे जिवाणू सगळ्यांच्या आतड्यांत नसतात, हे त्याचे एक कारण मानले जाते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2012 मध्ये गरम वाफा आणि हाडे या दोन्हींबाबतचे दावे सिद्ध होत नाहीत असे म्हटले. अमेरिकेत 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बायकांना दोन वर्षे रोज 200 मिलिग्रॅम, म्हणजे आमच्या दहा कॅप्सूलइतके, दिले गेले, तरी हाडांची झीज थांबली नाही. आहारात सोयाबीन खाण्यात वावगे काही नाही. प्रथिने म्हणून ते चांगलेच आहे.

पैशांपेक्षा मोठे नुकसान पुढे आहे. गटातील एकीला थायरॉइडची गोळी चालू होती. 'आता नैसर्गिक हार्मोन मिळते आहे, गोळी बंद करा,' असे तिला सांगण्यात आले. वास्तविक सोयामुळे त्या गोळीचे शोषण कमी होऊ शकते, म्हणून गोळी उपाशीपोटी घेऊन सोया काही तासांनी घ्यावे असे डॉक्टर सांगतात. गोळीच बंद करणे तर सरळ धोक्याचे. नणंदेची पाळी जाऊन दोन वर्षे झाली होती आणि ऑगस्टमध्ये तिला थोडे रक्त दिसले. तिने मॅडमना फोन केला. उत्तर मिळाले, 'ताई, घाबरू नका, शरीरातली घाण बाहेर पडते आहे, डोस दुप्पट करा.' नणंद कानबाईच्या सणाच्या धावपळीत होती, पाहुणे होते, आणि हे उत्तर तिला सोयीचे वाटले. दिवाळीपर्यंत असेच चालले.

धुळ्याच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी सोनोग्राफी केली, गर्भाशयाचे अस्तर जाड दिसले, तुकडा तपासायला पाठवला. कर्करोग नव्हता, पण अस्तराची वाढ होती आणि तिच्यावर उपचार सुरू झाले. ही वाढ कॅप्सूलमुळेच झाली असे डॉक्टर म्हणाल्या नाहीत, त्यामुळे मीही म्हणणार नाही. त्यांचा राग दुसऱ्याच गोष्टीचा होता: बारा महिने पाळी बंद राहिल्यानंतर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात तपासणी व्हायला हवी, आणि इथे तीन महिने 'घाण बाहेर पडते' या एका वाक्यावर गेले होते.

पैसे परत मागायला गेलो तेव्हा पावतीचा डाव कळला. पावतीवर 'आरोग्य सहयोग निधी' असे हाताने लिहिलेले. कॅप्सूलचा उल्लेख नाही, जीएसटी क्रमांक नाही. तीन बायका जोडून देणारीला 'आरोग्य सल्लागार' करण्याचे आमिष होते आणि त्यासाठी वेगळे पैसे घेतले गेले. थेट विक्रीच्या 2021 च्या नियमांत असे प्रवेशशुल्क घ्यायला मनाई आहे. ज्यांनी रोख दिले त्यांच्या हाती काहीच राहिले नाही. ज्यांनी मोबाइलवरून पैसे पाठवले, ते मॅडमच्या वैयक्तिक खात्यात गेल्याचे बँकेच्या नोंदीत दिसत होते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर त्या नोंदी, डब्याचे फोटो आणि ते दोन रिपोर्ट देऊन तक्रार केल्यावर काहींना एका डब्याचे पैसे मिळाले, तेही उघडलेला डबा परत घेऊन.

मॅडमचा जुना क्रमांक आता लागत नाही. शिरपूरकडे दिलेली माझी भाची परवा सांगत होती की तिच्या गल्लीत लॅपटॉप आणि पितळी दांडी घेऊन गुडघेदुखीचे मोफत शिबिर झाले, आणि डबे तिथेही तीनच घ्यावे लागतात. तिला मी एवढेच सांगितले आहे की रिपोर्ट काढायचाच असेल, तर वय खोटे सांगून आणखी एक काढून घे.