ओढ्याकाठचं कॅम्पिंग, विस्कॉन्सिन (टमरेल सोबत घ्या)

आधीच सांगते, पार्कचं नाव लिहिणार नाहीये, नवऱ्याने शपथ घातलीय. ट्राउट मासे पकडणारी माणसं आपला ओढा कुणाला सांगत नाहीत, माझ्या सख्ख्या भावाने विचारलं तरी हा "आहे तिकडे विस्कॉन्सिनात" एवढंच बोलतो. पण व्हर्नन काउंटी, वेस्टबी आणि विरोक्वाच्या आसपास, काउंटीचे छोटे पार्क आहेत, नकाशा उघडून बसलात तर सापडेल.

जूनच्या शेवटी दोन रात्री राहिलो. मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि कराडहून आलेल्या सासूबाई. शिकागोच्या सबर्बातून थांबत थांबत साडेचार-पाच तास लागतात. मॅडिसनपर्यंत नेहमीचा कंटाळवाणा इंटरस्टेट, तिथून हायवे १४ धरला की रिचलंड सेंटरनंतर रस्ता वळायला लागतो आणि इलिनॉयचं पोळपाटासारखं सपाट बघून आंबलेले डोळे एकदम जागे होतात. हिमयुगात बर्फ आजूबाजूच्या मिडवेस्टवरून फिरला, हा तुकडा तेवढा सुटला, म्हणून इथे डोंगर आणि घळी शिल्लक आहेत. ड्रिफ्टलेस म्हणतात या भागाला. सासूबाई म्हणाल्या, "पाटणकडं आल्यासारखं वाटतंय की गं."

तर पार्क. गवताचं एक मैदान, चारपाच मोठी झाडं, कडेने ओढा. प्रत्येक जागेला एक लाकडी टेबल आणि शेकोटीचं लोखंडी कडं. एक हातपंप. एक खड्ड्याचा संडास. संपलं. लाइट नाही, शॉवर नाही, रिझर्वेशन नाही, नेटवर्क नाही, माणूस पण नाही, पाकिटात पैसे घालायचे, जागेचा नंबर लिहायचा आणि लोखंडी पेटीत टाकायचं, दोन रात्रींचे मिळून मोटेलच्या एका रात्रीच्या निम्मेसुद्धा झाले नाहीत. आधी कुणीतरी रिव्ह्यूत "नो फॅसिलिटीज" म्हणून एक स्टार दिलाय, अरे बाबा प्रिमिटिव्ह, म्हणजे सोयींशिवायचं, असं लिहिलंय ना बोर्डावर, मग काय रूम सर्व्हिस पाहिजे होती का.

तरी तक्रारी माझ्या पण आहेत. पंपाचा दांडा इतका जड की पहिले वीस हापसे नुसती हवा, मग पाणी येतं ते लोखंडाच्या चवीचं, प्यायचं पाणी घरूनच न्या. संडासात पेपर शनिवारी दुपारीच संपला होता, आणि आत श्वास धरून जायचं हे कौशल्य ज्यांनी एसटी स्टँडवर कमावलंय त्यांना अडचण नाही. सासूबाईंनी टॉर्च मारून आत बघितलं आणि म्हणाल्या, "टमरेल घेऊन जायला एवढ्या लांब आणलंस व्हय गं मला?" पण हसत होत्या. दुसऱ्या दिवशी हातपंपावर त्याच सगळ्यात जोरात हापसत होत्या आणि लेकीला शिकवत होत्या.

ओढा मात्र काय सांगू. घोटाभर ते मांडीभर पाणी, तळाचा गोटा न गोटा दिसतो. डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी, जमिनीतून निघतानाच दहाएक डिग्री सेल्सिअसचं, बाहेर तीसला ऊन तापलेलं असताना पाय घातला की कळ डोक्यापर्यंत जाते. या थंडाव्यावरच ट्राउट जगतो. ब्रुक ट्राउट इथला मूळचा, आणि ब्राउन ट्राउट एकोणिसाव्या शतकात युरोपातून आणून सोडलेला. आमच्यासारखाच, आला आणि राहिला. मासेमारी करायची तर सोळा वर्षांपासून वरच्यांना लायसन्स आणि वेगळा ट्राउट स्टॅम्प (ट्राउटसाठीचा जास्तीचा परवाना) दोन्ही लागतं, आधी ऑनलाइन काढून प्रिंट घेऊन जा, तिथे फोन चालत नाही. मुलांना लागत नाही. किती इंचाचा ठेवायचा, किती ठेवायचे, गांडूळ चालतं की नाही, हे ओढ्याच्या पट्ट्यापट्ट्याला बदलतं, नियम बघूनच गळ टाका. आणि एक भारी गोष्ट, पार्कची हद्द संपली की पुढे शेतकऱ्याचं कुरण लागतं, पण पाणी सगळ्यांचं, पाय पाण्यात आहेत तोवर तुम्ही चालत जाऊ शकता, काठावर चढलात की मग परवानगी हवी. नवरा असाच वाकत वाकत, गाईंच्या नजरा चुकवत अर्धा मैल गेला, तीन तासांनी परत आला, रिकामा. पाचशे डॉलरचा रॉड. लेकीने टेबलाच्या मागच्या डोहात गांडूळ लावून दोन काढले.

मोजून बघितले, नियमात बसत होते. ट्राउटचे खवले इतके बारीक असतात की काढावे लागत नाहीत, पोट साफ करायचं, हळद मीठ तिखट चोळायचं, रव्यात घोळवून बिडाच्या तव्यावर. सासूबाईंनी कोयनेची मरळ आयुष्यभर खाल्लेली, त्यांचा निकाल असा की चव जरा मिळमिळीत पण काटा सोपा. भाकरी मात्र निखाऱ्यावर अशी फुगली की शेजारच्या तंबूतली बाई बघायला आली आणि एक घेऊन गेली.

लाकूड शिकागोहून नेऊ नका. लाकडातून झाडं मारणारे किडे पसरतात म्हणून लांबून आणायला मनाई असते, आणि गरजही नाही. रस्त्यावर आमिश (जुन्या पद्धतीने साधं राहणारे ख्रिस्ती शेतकरी) लोकांच्या शेतांबाहेर मोळ्या रचलेल्या, बाजूला पैशांचा डबा, हिशोब तुमचा तुम्ही करायचा. अंडी, जॅम, पाव पण मिळतो. फक्त रविवारी काही विकत नाहीत, तशी पाटीच असते, म्हणून शनिवारीच घ्या. आम्ही एकच मोळी घेतली, रविवारी रात्री कुडकुडत बसलो. हो, कुडकुडत, जूनमध्ये. घळीत थंडी साचते, पहाटे धुकं आणि तंबूवर एवढं दव की पाऊस पडला वाटावं. स्वेटर न्याच.

आता महत्त्वाचं. सकाळी मी चहा ठेवत होते आणि सासूबाई काठाकाठाने निघाल्या, "अगं शेपू बघ किती माजलाय, भाजी करूया" म्हणत हात पुढे. कंबरेएवढं झाड, पिवळ्या फुलांच्या छत्र्या, लांबून अगदी शेपूच. मी चहा सोडून ओरडत पळाले. ते वाइल्ड पार्सनिप. त्याचा चीक लागला आणि वर ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखे फोड येतात आणि डाग महिनोन् महिने राहतो. रस्त्याच्या कडेला, ओढ्याच्या कडेला सगळीकडे आहे. पूर्ण पँट घाला. गोचीड पण आहेत, डियर टिक, त्यांच्यातून लाइम डिसीज होतो, रात्री झोपताना काखा, गुडघ्यामागे, केसांत बघायचं. हे काम सासूबाईंनी घेतलं, गाईम्हशींचा अनुभव, एक सापडलाच नवऱ्याच्या मानेवर.

तंबू अगदी काठाला लावू नका, मोह होतो पण नका. घळीचे ओढे आहेत, वर पाऊस झाला की बघता बघता चढतात. ऑगस्ट २०१८ मध्ये याच भागात असा पाऊस झाला की पूर अडवायला बांधलेली पाच धरणं एका रात्रीत फुटली. विशेष म्हणजे पाणी आणि माती अडवायचं काम अमेरिकेत पाणलोटाच्या पातळीवर पहिल्यांदा इथेच झालं, कून व्हॅलीत, १९३३ मध्ये. डोंगर उतारावर सरळ नांगरून आणि गुरं चारून माती सगळी ओढ्यात गेलेली, मग उताराला आडवे पट्टे पाडून शेती सुरू केली. आजही कडेच्या डोंगरावर मक्याचा पट्टा, गवताचा पट्टा असे वळत गेलेले दिसतात. "पाणी अडवा पाणी जिरवा"च्या पाट्या वाचत मोठी झालेली मी, गाडी थांबवून फोटो काढले.

रात्री काजवे. भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलो होतो तेव्हा काजव्यांपेक्षा गाड्यांचे हेडलाइट जास्त होते. इथे मैदानावर आम्ही आणि अजून दोन तंबू, गवतातून उठून झाडांपर्यंत सगळं लुकलुकत होतं, लेक मोजत होती, तिनशेला झोपली. मग डोंगरावर कोयोटी ओरडायला लागले. मी तंबूची चेन वर खेचली. सासूबाई कुशीवर वळून म्हणाल्या, "कोल्हं हाय, झोप."

आरव्हीवाले (घरासारखी गाडी घेऊन फिरणारे), फोन चार्ज करायचा असलेले, आणि ज्यांना रोज डोक्यावरून अंघोळ लागते त्यांनी जाऊ नये. बाकीच्यांनी जरूर जा, फक्त गाण्याचा स्पीकर घरी ठेवा.

पाचपैकी चार स्टार, एक संडासाचा कापला. सासूबाई साडेचार म्हणतात, अर्धा नेटवर्कचा कापलाय, त्यांची सिरीयल बुडली.