लांब पाठीची गाडी: इस्टेट, सेडान, एसयूव्ही की अर्टिगा?

गेल्या दिवाळीत भाचा घरी आला तेव्हा त्याच्या हातात चार शोरूमची माहितीपत्रकं होती. "मामा, मला तुमच्या गाडीसारखी गाडी हवीय, पण नवी. कुठे मिळेल?" खरं उत्तर एका वाक्याचं होतं: कुठेच नाही. तरी आम्ही दीड महिना शनिवार-रविवार फिरलो, टेप घेऊन डिक्क्या मोजल्या, सीटा पाडून पाहिल्या. रोजच्या वापराला लांब पाठीची गाडी घ्यावी असं ज्याच्या मनात आहे, त्याच्या उपयोगाचं त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितो.

माझ्याकडे सात वर्षांपासून एक जुनी डिझेल इस्टेट आहे, सेकंड हॅंड घेतलेली. आपल्याकडे हिला स्टेशन वॅगन म्हणतात. सेडानचं, म्हणजे मागे वेगळी बंद डिक्की असलेल्या गाडीचं, छत शेवटपर्यंत तसंच मागे नेलं आणि डिक्कीच्या झाकणाऐवजी काचेसकट वर उघडणारं पाचवं दार बसवलं, की इस्टेट झाली. इंजिन तेच, चाकं तीच, बसायची उंचीही तीच, पण मागे एक छोटी खोली मिळते.

भाच्याची गरज आधी सांगतो, कारण गरजेशिवाय तुलनेला अर्थ नाही. घर नाशिकच्या इंदिरानगरला, नोकरी अंबडला. घरात आजी, म्हणजे माझी आई. तिची व्हीलचेअर गाडीत टाकल्याशिवाय कुठे निघता येत नाही. पंधरा दिवसांतून एकदा दिंडोरीजवळच्या शेतावर फेरी, येताना टोमॅटोची नाहीतर द्राक्षांची कॅरेट. महिन्यातून एकदा मुंबई.

नवी इस्टेट का मिळत नाही, हेही समजून घ्यायला हवं. प्रयत्न कमी झाले नाहीत. टाटांनी १९९२ मध्ये नावानेच 'इस्टेट' आणली, मारुतीची बलेनो आल्टुरा आली, स्कोडाची ऑक्टेव्हिया कॉम्बी आली, २००४ मध्ये टाटांच्याच इंडिगो सेडानची इस्टेट, इंडिगो मरिना, आली. लोकांनी तिच्याकडे पाहून "ही अँब्युलन्स का?" असं विचारलं आणि पुढे गेले. मग २००६ पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना अबकारी करात सवलत मिळाली आणि लांबी हा गुन्हाच ठरला. त्याच इंडिगोचं काय झालं पाहा. २००४ मध्ये तिचं छत मागे नेऊन मरिना केली होती, २००८ मध्ये तिचीच शेपटी कापून चार मीटरच्या आतली इंडिगो सीएस केली. खपली कोणती, ते रस्त्यावर दिसलंच.

आपल्या नाशिकचा यात एक वेगळाच धागा आहे. महिंद्र-रेनो लोगन २००७ पासून इथल्याच कारखान्यात बनत होती. तिची मोठी बहीण, लोगन एमसीव्ही नावाची इस्टेट, युरोपात धावत होती. ती इथे कधी आली नाही. लोगनची ५१० लिटरची डिक्की ज्यांनी वापरली आहे, त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

आजही कर लांबीवरच अडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीला १८ टक्के जीएसटी आहे. त्यापुढे सरळ ४० टक्के. इस्टेट चार मीटरमध्ये बसवायची म्हणजे तिची पाठच कापायची. म्हणून सामान्य घराला परवडेल अशी नवी इस्टेट लवकर येईल या आशेवर कोणी थांबू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग तुलना कशाशी करायची? आम्ही चार वाटा धरल्या: जुनी इस्टेट, मोठ्या डिक्कीची सेडान, मध्यम एसयूव्ही आणि अर्टिगासारखी सात सीटांची गाडी.

लिटरच्या आकड्यांपासून सुरुवात केली आणि तिथेच पहिली फसगत झाली. सेडानमध्ये व्हर्टस आणि स्लाव्हियाची डिक्की ५२१ लिटर, होंडा सिटीची ५०६, नव्या छोट्या डिझायरची ३८२; एसयूव्हींमध्ये क्रेटाची ४३३, ब्रेझाची ३२८. आकड्यांवर मोठी सेडान जिंकते. पण लिटर म्हणजे आत किती मावतं. ते आत जाईल कुठून, हे लिटर सांगत नाही. सेडानच्या डिक्कीचं तोंड आखूड असतं, कारण मागची काच जागेवरच राहते आणि झाकण तेवढं उघडतं. व्हीलचेअर घडी केली तरी तिची मोठी चाकं तशीच राहतात. ५२१ लिटरच्या डिक्कीत ती गेली, पण पायट्या काढून, तिरकी करून, दोघांनी धरून. क्रेटात एकट्याने गेली, कारण दार मोठं. पण उभी राहिल्यावर बॅगांना जागा उरली नाही.

आणखी एक मोजमाप कोणत्याही माहितीपत्रकात ठळक छापत नाहीत: जमिनीपासून डिक्कीच्या ओठापर्यंतची, म्हणजे तिच्या तोंडाच्या खालच्या कडेपर्यंतची उंची. माझ्या गाडीचा ओठ साधारण साठ सेंटीमीटरवर आहे, गुडघ्याच्या जरा वर. पाहिलेल्या एसयूव्हींचा सत्तरच्या पुढे निघाला. फरक एक वितीपेक्षा कमी. पण लोखंडी व्हीलचेअर सोळा-सतरा किलोची आणि टोमॅटोचं भरलेलं कॅरेट वीस किलोचं. दिवसातून चार वेळा ते उचलणाऱ्याच्या कमरेला हा फरक पहिल्याच आठवड्यात कळतो. इस्टेटचं सगळं सुख मला इथे दिसतं. सामान उचलावं लागत नाही, सरकवावं लागतं. मागची सीट पाडली की फरशी पुढच्या सीटपर्यंत जाते, आणि सहा कॅरेट एकाच थरात, एकमेकांवर न चढवता, द्राक्ष न चेपता घरी येतात. छत बुटकं असल्याने कॅरिअरवर शिडी किंवा चटई बांधायलाही स्टूल लागत नाही.

युरोपात आजची ऑक्टेव्हिया कॉम्बी सीटा उभ्या ठेवूनच ६४० लिटर देते. तिची उंची दीड मीटरच्या आतच आहे. म्हणजे मोठी जागा हवी तर गाडी उंचच हवी, हा समज खरा नाही. जागा लांबीतूनही मिळते.

आता घाट. कसाऱ्यात पावसाळ्यात उतरताना ज्याने उंच गाडी आणि बुटकी गाडी दोन्ही चालवल्या आहेत, त्याला समजावायची गरज नाही. वजन जितकं वर, तितकी गाडी वळणावर बाहेरच्या अंगाला झुकते. मागे बसलेल्या आईला ते झुकणंच सोसत नाही, उलटीची पिशवी हातात धरून बसते. इस्टेटमध्ये सामानही खाली, माणसंही खाली. भरलेली असली तरी वळणं सेडानसारखी घेते, फक्त मागचं वजन ब्रेकला जाणवतं, म्हणून अंतर जास्त ठेवायचं. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून घाट टाळताही येतो, पण तिथे वाऱ्याचा हिशोब सुरू होतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. १०० वरून १२० वर गेलात की तो ४४ टक्क्यांनी वाढला. पुढून जितकी गाडी रुंद-उंच, तितका तो जास्त. एकाच इंजिनाच्या सेडान आणि एसयूव्हीच्या अॅव्हरेजमध्ये मोठ्या रस्त्यावर फरक पडतो तो मुख्यतः इथून. गाडी पूर्ण भरून निघाल्यास मागच्या टायरची हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे वाढवायची. हे इस्टेटवाल्याने कधी विसरू नये.

इथवर मी इस्टेटची बाजू मनापासून मांडली. पण आईला गाडीत बसवताना मला माझंच म्हणणं मागे घ्यावं लागलं.

व्हीलचेअरची बैठक जमिनीपासून साधारण पन्नास सेंटीमीटरवर असते. माझ्या गाडीची सीट त्याहून खाली. बसताना आई अलगद खाली येते, काही त्रास नाही. पण उतरताना तिला त्या खड्ड्यातून वर यावं लागतं, आणि गुडघे गेलेल्या माणसासाठी ती शिक्षा आहे. दर वेळी मी दोन्ही काखांत हात घालून तिला उठवतो. एसयूव्हीत उलटं: उतरताना सोपं, चढताना पाय उचलत नाही. अर्टिगाची सीट मात्र व्हीलचेअरच्या जवळपास बरोबरीने आली. आई सरकली आणि बसली. भाच्याने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. म्हातारं माणूस रोज ने-आण करायचं असेल, तर बाकी सगळ्या मुद्द्यांआधी हा मुद्दा पाहा, आणि त्या माणसाला सोबत नेऊनच पाहा.

अर्टिगाची आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. तिन्ही रांगा उभ्या असताना डिक्की २०९ लिटरची, म्हणजे दोन पिशव्यांची. सात माणसं आणि सात जणांचं सामान एकत्र जाणार नाही. पण शेवटची रांग पाडली की ५५० लिटर होते, तोंड मोठं, फरशी लांब. तिसरी रांग कायमची पाडून ठेवलेली अर्टिगा ही आजच्या बाजारातली इस्टेटच्या सर्वांत जवळची नवी गाडी आहे. उंच आहे, घाटात तेवढी चिकटून जात नाही, जोरदार आडव्या वाऱ्यात हलते. तरी कामाला ती इस्टेटच आहे. सीएनजीची घेणार असाल तर सिलिंडर कुठे बसतो आणि सामानाची किती जागा खातो, ते आधी डोळ्यांनी पाहा. डिक्कीसाठी गाडी घ्यायची आणि डिक्कीतच टाकी ठेवायची, यात मला अर्थ दिसत नाही.

शहरातलं थोडक्यात. रविवार कारंजा, मेन रोड, सराफ बाजार इथे चार मीटरच्या वरची कोणतीही गाडी नकोशीच होते, मग ती इस्टेट असो वा क्रेटा. इस्टेटची मागची काच सरळ शेवटाला असल्याने गाडी कुठे संपते ते अचूक कळतं, सेडानसारखा शेपटीचा अंदाज बांधावा लागत नाही. खेड्यातल्या उंच गतिरोधकांवर मात्र लांब आणि बुटकी गाडी पोटाला घासते, विशेषतः पाच माणसं असताना. दिंडोरीकडे जाताना काही ठिकाणी मी ती तिरकी काढतो. शेतात शेवटचा दोनशे मीटर चिखलाचा पट्टा आहे, तिथे पावसाळ्यात गाडी बाहेर लावून चालत जातो. रोज चिखलात जाणाऱ्याने एसयूव्हीच घ्यावी, त्यात वाद नाही.

सेडानच्या बाजूनेही दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. तिची डिक्की बंद पेटी आहे. आतलं सामान बाहेरून दिसत नाही आणि आतला वास, आवाज माणसांपर्यंत येत नाही. माझ्या गाडीत लासलगावहून कांद्याची गोणी आणली की दोन दिवस सगळं घर कांद्याचा वास घेऊन फिरतं. मागच्या चाकांचा आवाजही इस्टेटमध्ये जास्त ऐकू येतो. शिवाय सामान आणि मागची सीट यांच्यात भिंत नसते; जोरात ब्रेक लागला की सुटं सामान माणसांवर येतं. जाळी लावायची, जड वस्तू सीटच्या पाठीला टेकवूनच ठेवायची, आणि सीटच्या उंचीपेक्षा वर रचायचं नाही.

सेडानसारखीच दिसणारी, पण इस्टेटसारखी उघडणारी एक पाचवी वाट आम्हाला उशिरा सुचली: वापरलेली ऑक्टेव्हिया. २०१३ पासून २०२३ पर्यंत इथे विकलेल्या ऑक्टेव्हियाचं मागचं दार काचेसकट वर जातं, आणि डिक्की ५९० ते ६०० लिटर. सामानाच्या बाबतीत, माझ्या मते, गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्याकडे मिळालेली ही सर्वांत समंजस गाडी आहे. ओठ थोडा उंच आहे, सर्व्हिसचा खर्च जास्त आहे, पण घाटावर आणि समृद्धीवर तिचं कौतुक करावं तेवढं थोडं. वयस्कर माणूस घरात नसता तर भाच्याला मी हीच घ्यायला लावली असती.

आणि खरी जुनी इस्टेट? घ्या, पण डोळे उघडे ठेवून. आपल्याकडच्या बहुतेक वॅगन पंधरा वर्षांच्या पुढे गेल्या आहेत. पंधरा वर्षांनंतर पुन्हा पासिंग करून पाच-पाच वर्षांची मुदत घ्यावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो, आणि वीस वर्षांपुढच्या मोटारीला नूतनीकरणाचं शुल्क आता १०,००० रुपये आहे. पेट्रोलची जुनी वॅगन असेल तर पंपावरच्या २० टक्के इथेनॉलसाठी तिचे रबरी पाइप बनलेले नाहीत, ते बदलायची तयारी हवी. इंजिनाचे भाग मिळतात, कारण तेच इंजिन सेडानमध्ये आणि हॅचबॅकमध्ये होतं. मिळत नाहीत ते फक्त वॅगनचे भाग: मागचं दार, त्याची काच, बाजूच्या लांब काचा, दाराभोवतीचं रबर. माझ्या मागच्या दाराचे शॉकअप गेले तेव्हा चार महिने मी काठीचा टेकू लावून दार उघडं ठेवत होतो. शेवटी नाशिकच्याच द्वारका चौकाजवळच्या एका मेस्त्रीने दुसऱ्या गाडीचे बसवून दिले. म्हणून बघायला जाल तेव्हा इंजिन नंतर ऐका. आधी मागचं दार दहा वेळा उघडा-मिटवा, डिक्कीतला गालिचा उचलून खालचा पत्रा गंजला आहे का ते बोट फिरवून पाहा, आणि रबराखाली पाण्याचा ओघळ दिसला तर हात जोडून परत या.

भाच्याने अर्टिगा घेतली, पेट्रोलची. गाडी घरी आली त्या दिवशी त्याने शेवटची रांग पाडली, तिच्यावर शेतातली जुनी ताडपत्री अंथरली आणि व्हीलचेअर एका हाताने आत सरकवून पाहिली. आई मधल्या सीटवर बसून होती. माझी इस्टेट मी विकलेली नाही. द्राक्षाच्या हंगामात त्याने ती मागून नेलीच.