आठवणींची पेटी: प्लायवूड की पाइन?

सुट्टीत मुलांकडून लाकडी पेटी करून घ्यायची आहे, पण प्लायवूड घ्यावं की पाइनच्या फळ्या, असं वहिनींनी विचारलं. दोन्हींच्या पेट्या मी मुलांबरोबर केल्या आहेत.

खर्चात फारसा फरक नाही. सुताराकडे प्लायचे तुकडे पडलेलेच असतात, पाइन पॅकिंगच्या खोक्यांतून मिळतं. फक्त फळीवरचा शिक्का बघा. 'एचटी' म्हणजे लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, ते चालेल. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते मुलांच्या हातात देऊ नका.

खरा फरक कामात पडतो. पाइन मऊ, आठ वर्षांच्या मुलालाही करवतीने कापता येतं. चूक (बारीक खिळा) ठोकताना मात्र टोकाशी फळी तडकते, म्हणून आधी गिरमिटाने बारीक भोक पाडून घ्या. ६ मिमी प्लायच्या कडेत चूक ठोकली तर थर सुटतात. तिथे पांढरा गोंद लावायचा, सुतळीने आवळायचं आणि रात्रभर हात लावायचा नाही. ही वाट बघणंच मुलांना सगळ्यात जड जातं! प्लायच्या कापलेल्या कडेची कूसही बोटात पटकन जाते. कडा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने आधी मोठ्यांनीच घासाव्यात.

टिकायला दोन्ही टिकतात, पण पावसाळ्यात पाइन फुगतं आणि झाकण अडकतं. प्लायचे थर आडवे-उभे चिकटवलेले असल्याने ते फारसं हलत नाही.

मुलाला करवत-हातोडीची गोडी लावायची असेल तर पाइन घ्या. मूल लहान असेल, रंगवण्यातच रमणारं असेल, तर कापून आणलेलं प्लाय बरं.