वसईतल्या चर्चच्या मराठी शाळेत लेकीला घातलं, आठ महिन्यांनंतरचा अनुभव

जूनमध्ये लेकीला पहिलीत घातलं तेव्हा सासूबाईंपासून ऑफिसातल्या मैत्रिणींपर्यंत सगळ्यांनी एकच विचारलं, फादर-सिस्टरांचीच शाळा हवी होती तर इंग्लिश मिडीयम का नाही घेतलं? आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, वसई पश्चिमेला राहायला येऊन दोन वर्षं झाली, आणि कॅथलिक शाळा म्हणजे इंग्लिश असंच मलाही वाटायचं. इथे आल्यावर कळलं की इथल्या ख्रिस्ती लोकांची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, तीसुद्धा मराठीत होते, घरात कुणी सामवेदी बोली बोलतं कुणी वाडवळी, आणि २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर दिब्रिटो इथलेच, नंदाखालचे. मराठी शाळा ही ह्या लोकांची स्वतःचीच शाळा आहे.

शाळा चर्चच्या कंपाउंडमध्येच, चौथीपर्यंत, अनुदानित, त्यामुळे खर्च वह्या-युनिफॉर्मचाच. वर्गात १९ मुलं. लेक 'ळ' उलटा काढायची, तर बाईंनी शाळा सुटल्यावर रोज पाच मिनिटं थांबवून अंगणातल्या ओल्या मातीत काडीने गिरवून घेतला, वहीत नाहीच, आणि दिवाळीच्या सुट्टीआधी जमला की तिला! मी घरी दोन महिने ओरडून जे झालं नव्हतं ते.

धर्माचं बरेच जण विचारतात म्हणून सांगते. धर्मशिक्षणाच्या तासाला कॅथलिक मुलं वेगळी बसतात, बाकीच्यांना मूल्यशिक्षण. 'हे आमच्या स्वर्गातील बापा' तिला ऐकून ऐकून पाठ झालंय, संध्याकाळी शुभंकरोतीही म्हणते. सासूबाई आधी जरा अस्वस्थ होत्या, आता त्याच शाळेत सोडायला जातात आणि गेटवरच्या आज्यांशी अर्धा तास बोलत बसतात.

एक गोष्ट मात्र खरंच खटकली. सुट्ट्या, पालकसभा, सगळं रविवारी मिस्सानंतर चर्चमध्ये सांगितलं जायचं, आणि आम्ही तिथे नसतो. चर्चच्या सणाला शाळा बंद, आणि माझी लेक युनिफॉर्म घालून, डबा घेऊन बंद गेटसमोर उभी. रडायलाच लागली. समोरच्या घरातल्या आजींनी आत बोलावलं, खायला दिलं, पण म्हणून चूक चूकच राहते. मी जाऊन सिस्टरांना स्पष्ट सांगितलं, त्यांनी लगेच ऐकून घेतलं, त्या आठवड्यातच सगळ्या पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला. तेव्हापासून एकही निरोप चुकलेला नाही.

नाताळच्या गोठ्यासाठी एका म्हशीवाल्या काकांनी पेंढा आणून टाकला, चौथीच्या मुलांनी बांबू धरले, लेकीने घरून रांगोळीचे रंग नेले आणि गोठ्यापुढे तिच्या हाताचं वाकडंतिकडं कमळ चार दिवस होतं, कुणी पुसलं नाही. पावसाळ्यात सिस्टर मुलांना मागच्या बावखलावर, म्हणजे इथल्या जुन्या गोड्या पाण्याच्या तळ्यावर, घेऊन गेल्या, पाणी कुठून येतं, विहिरींना कसं मिळतं ते दाखवायला. बावखल बुजवून बिल्डिंगी उभ्या राहतायत तिथे सहा वर्षांच्या पोरीला हा शब्द माहीत आहे ह्याचं मला फार अप्रूप वाटतं.

इंग्लिश कमी पडेल ही काळजी आहेच, खोटं कशाला बोलू, घरी रोज थोडं मीच घेते. पण दुसरीलाही इथेच. वर्गात अजून मुलं हवीत असं बाई प्रत्येक सभेत सांगतात, तर जवळपास कुणाचं मूल जूनमध्ये पहिलीला असेल तर एकदा सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी जाऊन गेटपाशी उभं राहून बघा, फॉर्म ऑफिसातच मिळतो, जन्मदाखला आणि आधार सोबत न्या.