बाहुलीचे कपडे शिवायला श्मेट्झची जर्सी सुई – जुनी बनियनं, झबली फेकू नका

जुन्या होजिअरीतून बार्बीचे कपडे शिवत असाल आणि टीप सुटत असेल तर मशीनला दोष देऊ नका, आधी सुई बदला. मी श्मेट्झची जर्सी सुई वापरते, रविवार पेठेत शिलाई मशीनच्या पार्ट्सच्या दुकानातून आणलेली. पाच सुयांचं पाकीट, साध्या सुयांपेक्षा महाग आहे पण पैसे वसूल. घरगुती मशीनला बसते, ओळखायची खूण म्हणजे वर केशरी पट्टी.

हिचं टोक गोलसर असतं म्हणून ती धागा न तोडता विणीच्या फटीतून आत जाते. साध्या टोकदार सुईने होजिअरीला बारीक भोकं पडतात, मग तिथून वीण सुटत जाते. मोठ्या टीशर्टला हे एखादवेळी खपून जाईल पण बार्बी उणीपुरी २९ सेंटीमीटरची, माणसाच्या साधारण एक षष्ठांश, तिच्या अंगावर १ मिलिमीटरचं भोक म्हणजे आपल्या कुर्त्यावर ६ मिलिमीटरचं! कापडाच्या जाडीचंही तेच, आपला नेहमीचा टीशर्ट तिच्या अंगावर गोधडीसारखा दिसतो. म्हणून पातळ, बारीक विणीचंच घ्यायचं, जुनं बनियन, बाळाची झबली, पायमोजे. मोज्याच्या वरच्या रिबचा पोलोनेक तर इतका सुंदर होतो की दुकानातल्या कुठल्याच बाहुलीला तसा नसतो, खरंच करून बघा.

आणि जुनंच कापड घ्या असं मी जे सारखं म्हणते ते काटकसरीसाठी नाही हं. नवीन लाल, काळ्या, नेव्ही ब्लू कापडाचा रंग बाहुलीच्या प्लास्टिकवर उतरतो आणि तो डाग जाता जात नाही, पोरींचे चेहरे बघवत नाहीत. वर्षभर धुतलेल्या कापडाचा जास्तीचा रंग बहुतेक निघून गेलेला असतो, आटायचं तेही आटून झालेलं असतं. तरी गडद रंग असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने एकदा घासून बघायचंच.

बेतताना जास्त ताणलं जाणारं अंग बाहुलीच्या अंगाभोवती येऊ द्या. बनियनचं कापड कापलं की कडेला गुंडाळतं, त्यावर वैतागू नका, गळ्याला आडवा काप घेतला तर कड आपोआप बाहेर वळते आणि दुमडायची गरजच नाही, होजिअरी दोरे सोडत नाही ना. झिगझॅग अगदी अरुंद, टाका २ मिलिमीटर, दोरा पॉलिस्टरचा, फुटचा दाब कमी. कापड छोटं असल्यामुळे सुरुवातीलाच मशीन ते खाली ओढतं, तर खाली बटर पेपरचा तुकडा ठेवायचा आणि शिवून झाल्यावर फाडून काढायचा.

आधी खांदे, मग बाह्या सपाट असतानाच जोडायच्या आणि बाही-कूस एकाच टिपेत शेवटी. पाठ वरपासून खालपर्यंत उघडीच ठेवा, कारण बाहुलीची बोटं बाहीत अडकतात, हातावर प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा गुंडाळला की सरकन जातात. पाठीला बारीक टिच बटणं, ती तुळशीबागेत मिळतात. वेल्क्रो मला नाही आवडत, केस अडकतात आणि होजिअरीवर बोळे धरतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, लेगिंगचं भरपूर लायक्रावालं कापड असेल तर जर्सी सुईनेही टाके सुटू शकतात. तिथे ह्याच कंपनीची स्ट्रेच सुई घ्यायची, पिवळ्या पट्टीची, ती लायक्रासाठीच असते. बनियन-झबल्यांना जर्सी पुरते. जर्सीत ७० नंबर मागा, स्ट्रेचमध्ये ७५, काउंटरवर सांगितलं नाही तर सवयीने ९० नंबरची हातात ठेवतील, बाहुलीच्या कपड्याला ती फार जाड पडते.