साडेसातशे मिली टॉनिक आणि बोगनवेलीला नुसते काटे

झाडाला फुलं आणणारी म्हणून विकली जाणारी टॉनिकं कशी खपवतात ते सगळ्यांना ठाऊक आहे: आधीचा फोटो, नंतरचा फोटो, ‘एकवीस दिवसांत फुलोरा’, नाही आला तर ‘अजून एक बाटली’. ठाऊक असूनही बोगनवेलीसाठी 250 मिलीच्या तीन बाटल्या घेतल्या. डोस लिटरला 5 मिली, दर आठवड्याला.

राग त्या ‘नंतरच्या’ फोटोचा येतो. लहानशी कुंडी, मुळांनी गच्च. झाडावर पानं जवळपास नाहीतच, नुसता रंग. पाणी तोडून फुलवलेली बोगनवेल अशीच दिसते! बाटलीचा काही संबंध नव्हता, फोटोच ओरडून सांगत होता. वर लेबलवर नत्र-स्फुरद-पालाशचे (नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश) आकडेही नव्हते. 19:19:19 असो की 0:52:34 (याच क्रमाने तिघांची टक्केवारी), आकडे नसतील तर हात लावू नका.

दुसऱ्या आठवड्यात पानं मोठी, काळपट हिरवी झाली, हातहातभर काटेरी फुटवे निघाले. नत्र जास्त झाल्याची ही उघड खूण. युरियानेही हेच होतं. पण झाड इतकं तरारलेलं बघून शंका कुणाला येते? उलट पुढची बाटली फोडली.

तक्रारीचं तर विचारूच नका. एका खिडकीवर म्हणाले, हे खत, तिकडे जा. तिकडे म्हणाले, लेबलवर ‘खत’ शब्दच नाही, आमच्याकडे येत नाही. तिसरीकडे तपासणी अहवाल मागितला, तोही स्वखर्चाने, आणि नमुना सीलबंदच हवा. अहो, बाटली फोडल्याशिवाय फसवणूक कळणार कशी? शेवटी अर्ज ‘निकाली’. काय निकाल लागला, ते विचारायलाही खिडकी नाही.

बोगनवेलीला सहा तास थेट ऊन लागतं, त्याला पर्याय नाही. वरची दोन इंच माती सुकून पानं जराशी मलूल झाली की मगच पाणी, तेही भरपूर. मोठ्या कुंडीत हलवू नका, आधी मुळंच पसरत बसतात. फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून बहर संपल्यावर छाटणी. कळी दिसल्यावर कात्री नको. स्फुरदाचा माराही नको, लोह अडतं आणि शिरा हिरव्या राहून पानं पिवळी पडतात.

टॉनिक ओतून झालंच असेल तर कुंडीतून खालून निथळेपर्यंत दोन-तीनदा पाणी सोडा, खत बंद करा, मग ताण द्या, म्हणजे पाणी तोडा. बिल जपा. आणि एक बाटली न फोडता ठेवा, तिसऱ्या खिडकीवर तीच मागतात.