सत्तर हजाराची सही केलेली गिटार: रिव्ह्यू

माझ्या मावसभावाने सेलिब्रिटींच्या वस्तू विकणाऱ्या एका ऑनलाइन दुकानातून (नाव देत नाही, उगाच डोक्याला ताप) सही केलेली इलेक्ट्रिक गिटार घेतली. काळी, स्ट्रॅट (फेंडर कंपनीची प्रसिद्ध स्ट्रॅटोकास्टर) टाइपची, पांढऱ्या पिकगार्डवर (बॉडीला ओरखडे पडू नयेत म्हणून तारांखाली बसवलेला प्लास्टिकचा पत्रा) एका बड्या रॉक गिटारिस्टची जाड मार्करने सही आणि सोबत सोनेरी बॉर्डरचं सर्टिफिकेट. किंमत सत्तर हजार. घरात गिटार वाजवणारा मी एकटाच, त्यामुळे बॉक्स उघडायच्या आधी मला फोन, "दादा ये ना, अस्सल आहे का सांग."

आधी गिटारबद्दल बोलू, कारण सहीच्या नादात तिच्याकडे कोणी बघतच नाही. स्वस्तातली इम्पोर्टेड स्ट्रॅट आहे, नवी घ्यायला गेलात तर वीस-पंचवीस हजारात येईल. तारांना गंज चढलेला, फ्रेटची (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या; नेक म्हणजे गिटारचा लांब दांडा) टोकं बोटाला ओरबाडतात, बाराव्या फ्रेटपाशी तारा इतक्या वर की बेंड करायला (तार आडवी ओढायला) गेलो तर बोट शेजारच्या तारेखाली घुसतं. म्हणजे ही फॅक्टरीतून निघाली ती थेट सही चिकटवायला गेली, मधे कोणी सेटअपच (तारांची उंची वगैरे नीट लावणं) केला नाही, कारण विकणाऱ्याच्या हिशोबात ही भिंतीवर टांगायची वस्तू. सेटअप करून नव्या तारा टाकल्यावर मात्र बरी वाजते, नेकजवळचा पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग) तर चक्क गोड आहे.

आता सही. पहिली गोष्ट, ती पूर्णच्या पूर्ण पिकगार्डच्या आत बसलीय, एकही रेघ कडेबाहेर बॉडीवर गेलेली नाही. आणि पिकगार्डच्या अकरा स्क्रूंपैकी एक तिरका बसलाय कारण खालचं भोक जुळत नाही. म्हणजे पिकगार्ड मूळ गिटारचं नाही. यात लगेच फ्रॉड झाला असं नाही हं, या धंद्यात सुटी पिकगार्डं गठ्ठ्याने सही करून घेतात आणि मग स्वस्त गिटारींवर बसवतात, सगळ्यांना माहीत असलेली पद्धत आहे ती. पण मग त्या कलाकाराने ही गिटार हातात धरणं सोडा, बघितलीही नसणार. बहिर्गोल भिंग घेऊन बघितलं तर रेघा जिथे एकमेकींवरून जातात तिथे शाई जास्त गडद दिसते, म्हणजे निदान छापलेली नाही, मार्करचीच आहे. तो मार्कर कोणाच्या हातात होता ते भिंग सांगत नाही.

सर्टिफिकेट विकणाऱ्यानेच छापलंय. स्वतःच्या दुकानात स्वतःला दिलेलं कॅरेक्टर सर्टिफिकेट, त्याला काय अर्थ? पीएसए, जेएसए, बेकेट अशा बाहेरच्या कंपन्या तपासून नंबरवाला स्टिकर लावतात आणि तो नंबर त्यांच्या साइटवर बघता येतो, तसं असतं तर थोडं तरी बोलता आलं असतं, पण तेही शेवटी तज्ञाचं मतच. अमेरिकेत एफबीआयने ऑपरेशन बुलपेन नावाने खोट्या सह्यांचं मोठं रॅकेट पकडलं तेव्हा त्या मालासोबतही सर्टिफिकेटं होतीच. मी तरी त्या कलाकाराचा हीच गिटार हातात धरून सही करतानाचा फोटो असेल तरच सहीचा पैसा मोजीन.

भाऊ म्हणाला, अरे पण सेलिब्रिटींच्या गिटारी करोडोत जातात. जातात ना, पण कशामुळे ते बघ. पिंक फ्लॉइड बँडच्या डेव्हिड गिलमोरची ब्लॅक स्ट्रॅट 2019 मध्ये क्रिस्टीज लिलावघरात 39,75,000 डॉलरला गेली. त्या गिटारीचे नेक, पिकअप, पिकगार्ड सगळं कधी ना कधी बदललंय, तरी किंमत आहे कारण पिंक फ्लॉइडच्या रेकॉर्डिंगमध्ये तीच वाजलीय. निर्वाना बँडच्या कर्ट कोबेनची मार्टिन डी-18ई गिटार 2020 मध्ये 60 लाख डॉलरच्या वर गेली कारण 1993 च्या एमटीव्ही अनप्लग्ड या टीव्ही मैफलीत ती त्याच्या मांडीवर होती. तिथे पैसा वाजवण्याचा आहे. नुसत्या सह्यांवर मोठा आकडा गाठलेली मला ठळक आठवते ती 2005 ची, क्लॅप्टन, जॅगर, कीथ रिचर्ड्स, जिमी पेज अशा एकाहून एक रॉक कलाकारांच्या सह्यांची स्ट्रॅट, दोहाला 27 लाख डॉलर. पण तो त्सुनामीग्रस्तांसाठीचा लिलाव होता, घेणाऱ्याने दान केलं, बाजारभाव तसा नसतो. उलट गिटारिस्ट लेस पॉल बघा, म्हातारपणी न्यूयॉर्कच्या इरिडियम क्लबात दर सोमवारी वाजवायचे, लोक आपापली गिटार घेऊन जायचे आणि हा भला माणूस सही करून द्यायचा. आठवण म्हणून लाखमोलाची, पण अशा गिटारी इतक्या आहेत की दुर्मिळ म्हणून भाव चढवायला जागाच नाही.

आणि सिग्नेचर मॉडेल, म्हणजे कलाकाराच्या नावाने कंपनीच काढते ती गिटार, ही वेगळी भानगड आहे, त्यात गल्लत करू नका. 1988 पासून फेंडरची एरिक क्लॅप्टन स्ट्रॅट येते, हेडस्टॉकवरची (नेकच्या टोकाचा खुंट्यांचा भाग) सही छापीलच असते, पण जास्तीचा पैसा आतल्या मिड बूस्ट सर्किटचा (मधल्या पट्टीचा आवाज वाढवणारं) आणि नेकच्या आकाराचा आहे. ते वाजवताना हाताला आणि कानाला कळतं.

आपल्याकडच्या वाद्यांना तर सही घेणं म्हणजे आफतच. तबल्याच्या पुडीवर उस्तादांची सही घेतलेले लोक मी बघितलेत. पुडी ही झिजणारी वस्तू, रियाज केला तर सही पुसणार, पुडी फाटली की सहीसकट जाणार, आणि सही जपायची तर तबला कपाटात. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर घेतली तर पुढच्या वेळी कारागीर स्पिरिटमधलं लाखेचं पॉलिश मारायला बसेल तेव्हा मार्कर स्पिरिटमध्येच विरघळून जाईल, त्याला आधी सांगायला विसरलात तर बोंबला. शिवाय आपल्याकडे वाद्याची किंमत कोणाच्या हातचं आहे त्यावर. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तो तिथल्या कारागिरीला. गिटारचंही तेच, माझ्यासारख्याने मुंबईच्या घामात रोज तासभर स्ट्रमिंग केलं तर पिकगार्डवरची सही वर्षात फिकट होईल. वरून क्लिअर कोट मारा म्हणतात, त्याने कधीकधी शाईच फुटते, म्हणून मी नको म्हटलं.

तर रेटिंग. गिटारला सेटअपनंतर पाचपैकी साडेतीन, सहीला एक, तोही ती छापील नाही म्हणून. दुकानाची पॅकिंग उत्तम होती, बॉक्सच्या आत बॉक्स, तेवढं खरं सांगायला पाहिजे. पण रिटर्न नाही म्हणाले, आणि फोटो मागितला तर "कलाकाराच्या प्रायव्हसीमुळे देता येत नाही" असं उत्तर आलं.

तुमच्या आवडत्या कलाकाराला तुम्ही स्वतः भेटून स्वतःच्या गिटारवर सही घेतली असेल तर हा रिव्ह्यू तुमच्यासाठी नाही, ती विकायचीच नसते. विकत घेणार असाल तर गिटारला गिटारचे पैसे द्या आणि तसा फोटो नसेल तर सहीला मुळीच नाही. भावाने आता साधं काळं पिकगार्ड मागवलंय, दीड हजाराच्या आत आलं, स्क्रूची भोकं जुळतील का ते आधी मोजून घेतलं मी. पिकअप आणि वायरिंग पिकगार्डलाच बसवलेलं असतं, ते हलवायला अर्धा दिवस जाईल. सहीवालं पिकगार्ड तो फ्रेम करणार म्हणतोय, करू दे, पण फ्रेमवाल्याने काचेचे बाराशे सांगितलेत आणि ते भाऊ माझ्याकडून मागतोय.